डाव्या हाताला लकवा झाल्यावर पेटी वाजवून स्वतःच्या चाली बांधता येतात का? पेटी कोणती घ्यावी?

येतात. मी बांधतो.

नऊ वर्षांपूर्वी पहाटे उठताना माझं डावं अंग लुळं पडलं. पाय सहा महिन्यांत सावरला, हात नाही. त्याआधी एकवीस वर्षं मी आमच्या भजनी मंडळात पेटीला होतो. बरा होऊन गेलो तेव्हा बुवा म्हणाले, "आता तुम्ही टाळ घ्या." टाळाला दोन हात लागतात, हेही त्यांच्या ध्यानात आलं नाही. वर्षभर मागच्या रांगेत बसून नुसतं ऐकलं.

घरी मात्र मनगट भात्याला टेकवून खांद्याने रेटायचो. पूर्वी एका चरणात भाता आठ-दहा वेळा हलायचा, आता जेमतेम दोनदा. आत साठलेली हवा स्प्रिंगच्या दाबाने थोडा वेळ पुरते, तेवढ्यात काय ते वाजवायचं. तुकोबांच्या एका अभंगाला चाल लावली ती या हवेच्या मापानेच. पहिले दोन शब्द पेटीवर, मग सूर विझू द्यायचा आणि उरलेला चरण नुसत्या गळ्याने, पखवाजावर.

बुवांना ऐकवली. "पेटीने भरत राहायचं असतं, ही भोकं कसली?" हा आमचा वाद लकव्याच्याही आधीचा. प्रत्येक जागा भरणारा पेटीवाला शब्द बुडवतो, हे मी हात धड असल्यापासून सांगतोय. वाजवत मात्र त्यांच्यासारखंच होतो, तेवढी चूक माझी.

कुमार गंधर्वांचं उदाहरण तुम्हालाही लोक देतील. क्षयाने एक फुप्फुस निकामी झालं तरी गायले, हे खरंच. पण 1948 पासून देवासला गाणं बंद असताना त्यांनी माळव्याची लोकगीतं कान देऊन ऐकली, ते धरा. हात चालत नाही त्या काळात ऐका.

पेटी सिंगल रीडची, म्हणजे एका पट्टीला एकच सूरपत्ती असलेली, हलकी, भाता हवा न सोडणारा. डबल रीड (पट्टीला दोन पत्त्या) आणि कपलर (एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातली तीच पट्टीही दाबणारी जोडणी) हवा खातात, दुकानदार कितीही सांगो. आणि हो, खांद्याने रेटण्याआधी फिजिओथेरपिस्टला विचारा. लकव्याचा खांदा निखळू शकतो. माझा हात कोपरापर्यंत थोडा हलतो, तुमचा अजिबात हलत नसेल तर भात्याला दुसरं माणूस लागेल.

मंडळात ती चाल अजून घेतलेली नाही. कार्तिकात काकड्याला मी देवळात ती एकटा म्हणतो. पखवाजवाला आता स्वतःहून येतो, आणि सूर विझला की थाप हलकी करतो.