नाशिकजवळच्या नद्यांच्या उगमाकडे ट्राउट मिळतो का? नसेल तर पिल्लं आणून सोडता येतील का, आणि फ्लाय फिशिंग शिकायचं कुठे?

नाशिकच्या आसपास ट्राउट मासा मिळत नाही. त्र्यंबकच्या ओढ्यांत नाही, दारणेच्या वरच्या अंगाला नाही, भंडारदऱ्यातही नाही. पण शिकायचं कुठे, या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर नाशिकच आहे. मी ट्राउटसाठी हिमाचलात तीर्थन नदीवर जातो. तिथे उपयोगी पडणारं बहुतेक सगळं मी गोदावरीच्या खोऱ्यातच शिकलो.

ट्राउटला थंड पाणी लागतं. १० ते १६ अंश सेल्सिअसला तो खूश असतो, २० च्या वर त्याचं खाणं मंदावतं आणि २५ च्या पुढे जीव धोक्यात येतो. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो. १० अंशांना एका लिटरमध्ये साधारण ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. लोक म्हणतात, आपले डोंगर ठेंगणे म्हणून ट्राउट नाही. तेवढंच कारण नाही. तीर्थन खोऱ्यातलं गुशैणी गाव साधारण १६०० मीटरवर आहे आणि कळसूबाईचा माथा १६४६ मीटर. पण तीर्थनच्या डोक्यावर बर्फ आहे, ऐन मे-जूनमध्ये ते वितळून नदी गार ठेवतं. आपले ओढे पावसाचे. होळीनंतर धार तुटते, डोह उरतात आणि उन्हाने तापतात.

पिल्लं आणून सोडायचा विचार मात्र मनातून काढून टाका. पहिल्याच उन्हाळ्यात ती मरतील, आणि समजा जगली तर ते जास्त वाईट. ट्राउट हिमाचलातही मूळचा नाही. ब्राउन ट्राउट युरोपातला, रेनबो ट्राउट उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा. इंग्रजांच्या काळात ते काश्मीर, कुल्लू, निलगिरी, मुन्नारकडे आणून वाढवले गेले. बाहेरचा मासा एकदा पाण्यात रुजला की परत काढता येत नाही. आपल्या धरणांत चिलापी किती माजलाय ते कुठल्याही मासेमाराला विचारा.

आता शिकण्याचं. आपल्या नेहमीच्या गळाला वजन असतं, ते दोरी ओढत नेतं. फ्लाय फिशिंगमध्ये उलट आहे: पिसं आणि दोऱ्याने किड्यासारख्या बांधलेल्या फ्लायला वजनच नसतं, जड असते ती दोरी. काठी मागे नेली की दोरी मागे हवेत पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं आणि मग पुढे आणायची. सगळी कला त्या थांबण्यात आहे. जोर लावणाऱ्याची दोरी पायाशी गोळा होऊन पडते. यासाठी पाणी लागत नाही. गोल्फ क्लबच्या मैदानावर किंवा कुठल्याही मोकळ्या जागी सकाळी गर्दीच्या आधी जा, गळ तोडून टाकलेली फ्लाय किंवा लोकरीचा तुकडा दोरीला बांधा आणि जमिनीवर ठेवलेल्या ताटलीवर नेम धरा. मागे कोणी चालत नाही ना, एवढं बघा. नऊ फुटी, पाच नंबरची काठी घ्या, दोरीही पाच नंबरचीच (हा नंबर दोरीच्या वजनाचा). पहिल्या वर्षी महागडी रील घेऊ नका, लहान ओढ्यावर ती फक्त दोरी गुंडाळून ठेवायच्या कामाची.

खरं शिकणं पाणी वाचण्याचं, आणि त्यासाठी दसऱ्यानंतरचे आपले ओढे फार चांगले. पावसाळ्यात जाऊ नका, वर सर पडली की खाली लोंढा यायला वेळ लागत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी नितळ असतं आणि धारही असते. त्र्यंबक किंवा इगतपुरीकडच्या एखाद्या ओढ्यावर काठी न घेता नुसते बसा. दगडामागे पाणी कुठे संथ होतं, वेगवान आणि मंद धारा कुठे घासतात, फेसाची रेघ कुठून जाते ते बघा. फेस जातो तिथूनच किडे वाहत जातात. मासा प्रवाहाकडे तोंड करून, संथ पाण्यात अंग ठेवून, शेजारच्या वेगवान धारेतलं खाणं टिपतो. म्हणून त्याच्याकडे खालच्या अंगाने, पाठीमागून जायचं. मग पाण्यातला एखादा दगड हलकेच उलटून बघा. चपटी, शेपटीला दोन-तीन धागे असलेली मेफ्लायची अळी दिसेल. कॅडिसची अळी तर वाळूचे कण जोडून स्वतःचं घर बांधते. तीर्थनचा ट्राउट याच कुळातल्या किड्यांवर जगतो. निम्फ म्हणजे पाण्याखालच्या अळीची नक्कल, ड्राय फ्लाय म्हणजे पंख फुटून वर आलेल्या किड्याची. दगड पुन्हा होता तसा ठेवा.

मासा लागल्याचा अनुभव हवा असेल तर धरणाच्या काठाला उथळ पाण्यात चिलापी लहान निम्फ घेतो. पण धरणांतल्या मासेमारीचे हक्क बहुधा सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, आधी त्यांना विचारा. नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य आहे, तिथे काठी नेऊच नका.

हात बसला की तीर्थनला जा. दिल्लीहून कुल्लू-मनालीची रात्रीची बस घ्या, औटला उतरा, तिथून बंजारमार्गे गुशैणी. हिमाचलात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते, तो त्याच्या विणीचा काळ. मे ते ऑगस्टमध्ये बर्फाच्या आणि पावसाच्या पाण्याने नदी फुगते. म्हणून मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. राज्याच्या मत्स्य विभागाचा परवाना आधी काढा, आणि पहिले दोन दिवस तिथल्याच जाणकाराला सोबत घ्या; कुठल्या खळग्यात मासा असतो ते त्याला ठाऊक असतं.

पकडलेला मासा जिवंत सोडायचा, म्हणून गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. मासा धरण्याआधी हात ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि पुढे बुरशी धरते. सोडताना त्याचं तोंड प्रवाहाकडे ठेवा आणि तो स्वतःहून निसटेपर्यंत नुसता आधार द्या, ढकलू नका.