आमदार आणि मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी नेमकं काय केलं?

तुम्ही विचारलंय, “बाबासाहेब आंबेडकर घटनाकार होते हे शाळेत शिकलो. पण घटनेच्या आधी, सभागृहाचे सदस्य म्हणून त्यांनी सामान्य माणसासाठी प्रत्यक्ष काय केलं?”

पुष्कळ केलं, आणि त्यातलं बरंच काही आजही कामगाराच्या पगाराच्या चिठ्ठीत दिसतं. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कामगारांना पीएफ, ईएसआय (कामगारांची सरकारी विमा योजना) आणि बाळंतपणाच्या रजेच्या कागदपत्रांसाठी मदत करते. त्यामुळे माझं उत्तर कामगारांच्या बाजूने जास्त बोलेल.

सुरुवात प्रतिनिधित्वापासून करावी लागते. 1919 साली मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष देताना ते तिशीच्याही आतले होते. मत कोणाला, हे तेव्हा मालमत्ता आणि शेतसाऱ्यावर ठरायचं, म्हणजे अस्पृश्य समाज जवळपास सगळाच बाहेर. प्रतिनिधित्वाचा हक्क आणि सरकारी अधिकारपदावर बसण्याचा हक्क हे नागरिकत्वाचे दोन मुख्य हक्क आहेत, असं त्यांनी तिथे मांडलं. 1927 मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळात आले तेही सरकारनियुक्त सदस्य म्हणून. ज्यांच्यासाठी ते बोलत होते, त्यांच्यातल्या बहुतेकांना मतच नव्हतं. 1928 मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी सर्व प्रौढांना मताधिकार मागितला. पुढे गोलमेज परिषद आणि 1932 चा पुणे करार आला. प्रांतिक कायदेमंडळांत अस्पृश्यांसाठी 148 राखीव जागा त्याच करारातून मिळाल्या. त्यावर भरपूर लिहिलं गेलंय, म्हणून इथे थांबत नाही.

मला थांबायचंय ते 28 जुलै 1928 च्या भाषणापाशी. गिरण्या-कारखान्यांतल्या बायकांना बाळंतपणात रजा आणि भत्ता देणारं विधेयक कायदेमंडळापुढे होतं. विधेयक दुसऱ्या सदस्याचं, बाबासाहेब पाठिंबा द्यायला उभे राहिले. विरोधकांचा मुद्दा आजही ऐकू येतो तोच: उद्योगाला हा खर्च कसा पेलवणार? त्यांनी तो झटकून टाकला नाही, त्यातला खरा भाग मान्य केला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, लोकांचं कल्याण पाहणं हे मुळात सरकारचं काम आहे, म्हणून भाराचा मोठा वाटा सरकारने उचलावा, असं ते म्हणाले. पण मालकही सुटत नाही. पुरुषाऐवजी बाई कामाला ठेवण्यात मालकाचा जास्त फायदा असतो, म्हणूनच तो तिला ठेवतो. फायदा घेतोस तर काही अंशी जबाबदारीही घे. 1929 मध्ये कायदा झाला, देशातला अशा तऱ्हेचा पहिलाच. पुढे 1961 चा कायदा देशभर लागू झाला आणि 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा 26 आठवड्यांवर गेली.

हा युक्तिवाद मला रोज लागतो. रबाळेच्या एका कारखान्यात पॅकिंगला असलेली एक ताई माझ्याकडे आली होती. सातवा महिना, कंत्राटी कामगार. ठेकेदार तिला म्हणाला, “आता घरी बस, बाळंत झालीस की ये, परत नाव लावतो.” ऐकायला माणुसकीचं वाटतं. पण नाव एकदा कापलं की तिचा हक्कच धोक्यात येतो. ती आयकार्ड, ईएसआयचा नंबर आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत महिन्यामहिन्याच्या पगारचिठ्ठ्या घेऊन आली होती, तेवढ्यावर काम झालं. म्हणून लक्षात ठेवा: कायद्याप्रमाणे आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम भरलं असेल तर हक्क उभा राहतो, आणि गरोदरपणाच्या रजेवर असताना बाईला कामावरून काढता येत नाही. जिथे ईएसआय लागू आहे तिथे लाभ त्या योजनेतून मिळतो. त्याची अट वेगळी आहे, पण कंत्राटी कामगाराची वर्गणी भरण्याची जबाबदारी शेवटी मूळ मालकावरच, म्हणजे कारखानदारावरच येते. फायदा ज्याचा, भार त्याचा.

आता खोतीकडे वळते, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या खोताच्या हाती जमीन आणि कुळं असण्याच्या कोकणातल्या जुन्या पद्धतीकडे. ठाण्यात, ऐरोलीत, घणसोलीत राहणाऱ्या आम्हा कोकणी घरांना हा विषय परका नाही. माझे पणजोबा खेड तालुक्यात कुळ होते. भाताचा वाटा खोताच्या पडवीत पोचवायचा, वर त्याच्या शेतावर वेठीला जायचं, आणि राबतो त्या जमिनीवर नाव मात्र खोताचं, हे आजीच्या तोंडून आम्ही ऐकत आलो. बाबासाहेब 1937 मध्ये स्वतः काढलेल्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबईतून निवडून आले आणि त्याच वर्षी 17 सप्टेंबरला त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोताला वाजवी भरपाई आणि कसणाऱ्याला जमिनीवर हक्क, असा त्याचा गाभा होता. विधेयक पुढे सरकेना, तेव्हा जानेवारी 1938 मध्ये ठाणे, कुलाबा, रत्नागिरीचे हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन आले. त्यात अस्पृश्य होते तसे कुणबीही होते. सभागृहात संख्या कमी असली तर बाहेरची माणसं आपला आवाज घेऊन दारापर्यंत येऊ शकतात, हे कोकणच्या गरीब कुळांना त्या दिवशी कळलं असणार. विधेयक तेव्हा संमत झालं नाही. खोती कायद्याने गेली ती 1949 च्या कायद्याने.

त्याच 1938 मध्ये संपावर बंधनं घालणारं औद्योगिक विवाद विधेयक आलं. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव, अशी त्यांची भूमिका होती. 7 नोव्हेंबरला कम्युनिस्टांबरोबर एक दिवसाचा संपही झाला. कायदा तरीही झाला.

1942 ते 1946 ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. हा काळ लोकांना सगळ्यात कमी ठाऊक आहे आणि माझ्या मते यावरच सगळ्यात जास्त बोललं पाहिजे. बारमाही कारखान्यांचा आठवडा 54 तासांचा होता, तो 1946 च्या दुरुस्तीने 48 वर आला. सहा दिवसांत वाटले तर दिवसाला आठ तास. भरपगारी रजेची तरतूद 1945 मध्ये झाली. किमान वेतनाचं विधेयक 1946 मध्ये त्यांनी मांडलं, कायदा 1948 चा. ईएसआयचा पाया असलेला बी. पी. अडारकर यांचा अहवाल 1944 चा, त्यांच्याच खात्याच्या काळातला. वाशीला ईएसआयच्या रांगेत उभं राहणाऱ्यांना हे कोणीतरी सांगायला हवं.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही, आणि ती लपवली तर उत्तर अर्धवट राहील. युद्धात कोळसा कमी पडला म्हणून 1943 मध्ये सरकारने बायकांना खाणीत जमिनीखाली उतरवण्यावरची बंदी उठवली. महिला संघटनांनी कडाडून विरोध केला. 1944 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात त्या निर्णयाचा बचाव बाबासाहेबांनी केला. आणीबाणीची वेळ आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच चर्चेत, बाई असो वा पुरुष, समान कामाला समान मजुरी हे तत्त्व इथे मान्य झालंय, यावर त्यांनी भर दिला. बंदी 1946 मध्ये पुन्हा लागू झाली. अंधाऱ्या खाणीत उतरलेल्या त्या बायकांचा विचार करताना मला तो बचाव अपुरा वाटतो. समान मजुरीचं महत्त्व त्याने कमी होत नाही.

मुळातून वाचायचं असेल तर राज्य सरकारने छापलेल्या लेखन-भाषणांच्या इंग्रजी खंडांपैकी दुसरा आणि दहावा घ्या. दुसऱ्यात मुंबई कायदेमंडळातली भाषणं आहेत, दहाव्यात मजूर खात्याचा काळ. बाळंतपणाच्या विधेयकावरचं भाषण छोटं आहे, तिथूनच सुरुवात करा. तुम्ही नवी मुंबईत असाल तर ऐरोलीच्या आंबेडकर स्मारकात ग्रंथालय आहे, तिथे शांतपणे बसून वाचता येतं.