‘अबोल’ लिहू, ‘मितभाषी’ लिहू की ‘शांत’?

तुम्ही विचारलंय की धाकट्या भावाच्या लग्नाच्या परिचयपत्रात ‘स्वभाव’पुढे काय लिहावं. तो फार कमी बोलतो आणि तुमच्या घरात तीन शब्दांवरून तीन मतं पडलीत. आमच्याकडे देवगडला हेच झालं होतं, म्हणून लिहितेय.

दादासाठी मुलगी बघायला गेलो होतो. मुलीच्या मामांनी विचारलं, “कलमां किती?” दादा म्हणाला, “तीनशे.” “यंदा मोहर कसो आसा?” “बरो.” मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. निघताना मामांनी बाबांना पडवीत बाजूला घेतलं. “झील (म्हणजे मुलगा) घुमो तर नाय मां?” बाबा म्हणाले, “नाय हो, मोजून बोलता.”

बाबांचा संस्कृतशी संबंध नाही, पण ‘मितभाषी’चा अर्थ त्यांनी अचूक सांगितला. ‘मित’ म्हणजे मोजलेलं, मापातलं. नुसतं कमी बोलणारा तो ‘अल्पभाषी’. मितभाषी माणसाला बोलता येतं, पण लागेल तेवढंच तो काढतो. दादा तसाच. मोहरावर तुडतुडा दिसला तर फवारणी कधी घ्यायची, हे विचारून बघा, दहा मिनिटं थांबणार नाही. (तसंही आंब्याच्या धंद्यात न बोलणं हा दोष नाहीच. वाशीच्या बाजारात हापूसचा भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरवायची पद्धत कित्येक वर्षं चालली.)

मामांना भीती होती ती ‘घुम्या’ची. आत काहीतरी साठलंय आणि तोंडावर येत नाही, तो घुमा. ‘मुखदुर्बळ’ वेगळा, त्या बिचाऱ्याला बोलायचं असतं, चार माणसांत जीभच रेटत नाही. जिथे बोललंच पाहिजे तिथे खांबासारखा उभा राहतो तो ‘मुखस्तंभ’. मूग गिळून बसणारा तर सगळं कळून गप्प असतो. म्हणजे माणूस किती बोलतो यापेक्षा का बोलत नाही, याचा निवाडा आपले शब्द आधीच देऊन टाकतात. म्हणून आधी भावाचं कारण ओळखा, शब्द मग शोधा. आणि ‘आतल्या गाठीचा’ हे कोणी गमतीतही सुचवलं तर खोडा. त्यात कपटाचा वास आहे.

आता तुमचे उरलेले दोन. ‘शांत’ने रागाबद्दल कळतं, बोलण्याबद्दल नाही. शिवाय ‘शांत व मनमिळाऊ’ प्रत्येक परिचयपत्रात असतं, ते कोणी वाचत नाही.

‘अबोल’ मला स्वतःला आवडतो, कारण तो कुणाला दोष देत नाही. पण मुलीपुढे लिहिला की गुण ठरतो आणि मुलापुढे लिहिला की शंका येते. मला हे पटत नाही, पण परिचयपत्रं चाळणाऱ्या आत्या-माम्या माझं ऐकायला बसलेल्या नाहीत. शेजारीच ‘अबोला’ही उभा असतो, तो भांडणाचा, ‘धरायचा’. आणि अबोली. आमच्या परसात आहे, फुलाला वास नाही, वळेसर, म्हणजे गजरा, मात्र सुरेख होतो. तिची वाळलेली बोंडं ओली झाली की तट्‌कन फुटतात आणि बी लांब उडतं. लहानपणी आम्ही थुंकी लावून ती एकमेकांच्या अंगावर टाकायचो. यात सगळ्यात तरबेज दादा होता.

बोलण्याबद्दल लिहिणार असाल तर ‘मोजकं’ किंवा ‘नेमकं’ लिहा. ‘त्रोटक’मध्ये काहीतरी राहून गेल्याची तक्रार आहे आणि ‘तुटक’ बोलणारा रागावलेला वाटतो. ‘अल्पाक्षरी’ कवितेला शोभतं, नवऱ्या मुलाला नाही.

मी असं लिहीन: ‘मोजकं बोलतो, आवडीच्या विषयावर भरपूर बोलतो.’ तो विषय कोणता, तेही लिहा, म्हणजे समोरच्या मंडळींना पंख्याचा आवाज ऐकत बसावं लागणार नाही. पाठवण्याआधी भावाला वाचायला द्या. तो ‘ठीक’ म्हणेल. तेवढं पुरे समजा.