वाचकांचे प्रश्न : भूजल सल्लागार आणि त्यांचे तज्ज्ञ

प्रश्न : सामायिक विहिरीसाठी आम्ही अकरा शेतकऱ्यांनी शहरातील एका सल्लागार संस्थेकडे चौकशी केली. तिच्या माहितीपत्रकात भूजलशास्त्रज्ञ, जलशास्त्रज्ञ, भूभौतिकी तज्ज्ञ आणि जीआयएस (संगणकीय नकाशांचा) तज्ज्ञ असे चार जण दाखवले असून अंदाजपत्रकात चौघांचेही शुल्क धरले आहे. एका विहिरीसाठी एवढी माणसे लागतात का?
– एक वाचक, सिन्नर तालुका

उत्तर : चौघांचे विषय खरोखरच वेगळे आहेत, पण तुमच्या कामाला चौघेही सारखेच लागतील असे नाही. जलशास्त्रज्ञ पावसाचा, नाल्याच्या प्रवाहाचा आणि पुराचा हिशेब मांडतो, आणि तो बहुधा स्थापत्य किंवा कृषी अभियांत्रिकीतून आलेला असतो. बंधारा किंवा पाझर तलाव बांधायचा असता तर त्याच्यावाचून चालले नसते. जीआयएस तज्ज्ञ पाणलोटाचा नकाशा करून देईल, तो उपयोगी पडेल, पण एका विहिरीपुरते ते काम थोडक्यात आटोपते. तुमचा मुख्य माणूस भूजलशास्त्रज्ञ, आणि त्याचा पाया भूविज्ञानाचा असायला हवा.

याचे कारण आपल्या जमिनीखालच्या खडकात आहे. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग बेसाल्टचा, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे. वरचा मुरूम पाणी धरतो. त्याखालचा काळा पाषाण भेगा नसतील तर जवळजवळ कोरडा असतो. आणि विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो पोकळ्यांचा खडक झिजलेला व भेगाळलेला असेल तर पाणी देतो, पण त्याच पोकळ्या झिओलाईटसारख्या खनिजांनी बुजलेल्या असतील तर फारसे देत नाही. हे थर बहुतांशी आडवे असल्यामुळे नाल्याच्या काठावर, जुन्या विहिरींच्या भिंतीवर आणि रस्त्यासाठी कापलेल्या टेकाडात ते डोळ्यांनी वाचता येतात. जाणता भूजलशास्त्रज्ञ म्हणूनच प्रथम शिवारातील दहा-पंधरा विहिरींत डोकावतो, प्रत्येकीत कोणत्या खोलीवर कोणता खडक लागला ते वहीत लिहितो आणि मे महिन्यात पाणी कुठवर उतरते ते मालकाला विचारतो.

भूभौतिकी तज्ज्ञाचे काम त्यानंतरचे. जमिनीत चार खुंट्या ठोकून बाहेरच्या दोहोंतून वीज सोडायची, आतल्या दोहोंमधील विद्युतदाब मोजायचा, बाहेरच्या खुंट्या टप्प्याटप्प्याने लांब नेत अधिकाधिक खोलीचा अंदाज घ्यायचा, अशी ही पद्धत आहे. यंत्राला पाणी दिसत नाही. त्याला खडकाचा विद्युतरोध तेवढा कळतो. पाण्याने भिजलेला मुरूम आणि निव्वळ चिकणमाती यांचा रोध पुष्कळदा इतका जवळचा येतो की, खालचा खडक ठाऊक नसलेल्या माणसाची हमखास फसगत होते. आजूबाजूच्या विहिरी न पाहता थेट मीटर मांडणारा तज्ज्ञ आणि तळहातावर नारळ धरून फिरणारा पाणाडी यांच्यात मग फरक उरतो तो शुल्काचाच. संस्थेला एवढेच विचारा : शिवारात प्रत्यक्ष कोण येणार, किती दिवस राहणार आणि विहिरींच्या नोंदींची वही आम्हाला मिळणार का? अहवालावर सही करणारा आणि शिवारात येणारा माणूस एकच असेल तर उत्तम.

प्रश्न : एका संस्थेने दाखवलेल्या जागी गेल्या वर्षी ३२० फूट बोअर घेतले. गाडीवाल्याने ‘दोन इंच पाणी’ सांगितले आणि संस्थेच्या अहवालात ‘पाणी पुरेसे’ असा शेरा आला. फेब्रुवारीपासून मोटार वीस मिनिटांत कोरडी पडते. चूक कोणाची?
– एक वाचक, बारामती तालुका

उत्तर : जागा चुकली असे यावरून म्हणता येत नाही, पण उपसा चाचणी न घेता ‘पुरेसे’ लिहिले असेल तर ती चूक संस्थेची आहे. गाडीवाल्याचे इंच हे व्ही आकाराच्या खाचेवरून वाहणाऱ्या पाण्याची उंची असते. नव्वद अंशांच्या खाचेवर दोन इंच म्हणजे ताशी सुमारे २,९०० लिटर. आणि चार इंच म्हणजे त्याच्या दुप्पट नव्हे, तर साडेपाच पटींहून अधिक, १६,००० लिटरांच्या पुढे. शिवाय गाडीच्या हवेच्या दाबाने उसळणारे ते पाणी पुष्कळसे भेगांत आधीपासून साठलेले असते. साठा संपल्यावर भेगांना मागून पाणी किती पोचते, हे काही तास सलग उपसा करून, पातळी ठरावीक मिनिटांनी मोजून आणि मोटार बंद केल्यावर ती कशी चढते ते पाहूनच कळते. या आकड्यांना लावायचे अमेरिकन भूजलशास्त्रज्ञ थाईस यांचे १९३५ चे सूत्र सर्वत्र एकसारखा आणि अमर्याद पसरलेला जलधर, म्हणजे पाणी धरणारा खडकाचा थर, गृहीत धरते. आपला बेसाल्ट तसा नाही, म्हणून उत्तर सूत्राइतकेच ते लावणाऱ्याच्या अनुभवावरही अवलंबून असते. चाचणी आताही घेता येईल, आणि ती भर उन्हाळ्यात घ्यावी.

जाता जाता एक गोष्ट. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमात ६० मीटर, म्हणजे सुमारे १९७ फूट, किंवा त्याहून खोल विहीर ही ‘खोल विहीर’ धरली आहे आणि अधिसूचित, म्हणजे या अधिनियमाखाली तसे जाहीर केलेल्या, क्षेत्रात शेतीसाठी तिला मनाई आहे. ३२० फुटांचा सल्ला देताना संस्थेने हे तुमच्या कानावर घालणे तिचे कर्तव्य होते.

प्रश्न : मी भूविज्ञानात बी.एस्सी. करत आहे. अशा संस्थेत काम मिळण्यासाठी काय करावे?
– एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : एम.एस्सी. भूविज्ञानातच करा आणि भूजल हा विषय निवडा. वकिलांना बार कौन्सिलची सनद लागते तशी सनद देणारी वैधानिक परिषद आपल्या देशात भूवैज्ञानिकांसाठी नाही, त्यामुळे माणसाची पारख त्याच्या कामावरूनच होते. पर्यावरण आघात अहवाल करणाऱ्या संस्थांना नॅबेटची, म्हणजे भारतीय गुणवत्ता परिषदेच्या मान्यता मंडळाची, मान्यता लागते आणि तीत भूविज्ञान व भूजल या क्षेत्रांचे तज्ज्ञ वेगवेगळे नोंदवावे लागतात, ही वाट पुढे तुमच्या उपयोगी पडेल. आतापासून मात्र घराजवळच्या एका विहिरीची पातळी दर महिन्याच्या ठरावीक तारखेला, मोटार आदल्या रात्रीपासून बंद ठेवून, मोजायला लागा. पोलादी फितीच्या टोकाला खडू फासून ती पाण्यात सोडली की ओला झालेला भाग स्पष्ट दिसतो. काठावर रंगाने एक खूण करा आणि प्रत्येक वेळी तिथूनच मोजा.