बेंड पाइप नवा, तरी फटाके का?

प्रश्न : आजोबांची बीएसए एम २० ही जुनी मोटरसायकल हर्णैच्या घरी पडवीत वर्षानुवर्षं पडून होती, गेल्या वर्षी चालू केली. खाऱ्या वाऱ्याने बेंड पाइपची (इंजिनातून धूर बाहेर नेणारा वाकडा पाइप) पार चाळण झालेली म्हणून नवीन क्रोमवाला मागवला, तर तो इंजिनात ढिला बसतो आणि मागे ब्रॅकेटचं भोक जुळत नाही. मेकॅनिक म्हणतो ठोकून बसवू. तसाच बांधून दापोलीला गेलो तर थ्रॉटल सोडला की फटाके, आणि पाइप पहिल्याच दिवशी निळा पडला. परत पाठवू का?

उत्तर : आधी तो हातोडा लपवा. एम २० चा सिलिंडर बिडाचा आहे, त्यावरची फिन (गार ठेवणारी पातळ पाती) तुटली तर पाइपपेक्षा महाग पडेल. या गाडीत पाइपला नट नाही, फ्लँज (बोल्टने आवळायची कडा) नाही, नुसता पोर्टमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या धूर सोडणाऱ्या भोकात, सरकवायचा, त्यामुळे इतक्या वर्षांच्या थरथराटाने पोर्टचं तोंड थोडं मोठं होतंच, मग थ्रॉटल सोडल्यावर तिथून बाहेरची हवा आत जाते आणि न जळलेलं पेट्रोल पाइपात पेटतं, तेच तुमचे फटाके. पाइपच्या टोकाला पातळ स्टीलच्या पत्र्याची पट्टी गुंडाळा, वर एक्झॉस्ट पेस्ट लावा. बोटांनी ढकलून बसला तर अजून ढिला आहे, हाताने पिळत पिळत जायला हवा.

मागच्या भोकाचं म्हणाल तर सगळे बोल्ट ढिले ठेवून पाइप पूर्ण आत घाला आणि इंजिनाकडून मागे आवळत या. तरीही दोन-तीन मिमी हुकलं तर कानशीने ब्रॅकेटचं भोक लांबट करा, बोल्टने ओढून आणू नका, ताणात बांधलेला पाइप तिथेच तडकतो. आणि अडीच सुती (५/१६ इंची) बोल्टच्या जागी आठ मिमीचा घालू नका हं, जाडी जवळपास सारखी (७.९४ मिमी) पण आटे वेगळे, दोन वेढे गोड लागतात आणि तिसऱ्याला वाट लागते.

निळेपणात पाइपचा दोष नाही. हँडलच्या दांडीवरचा इग्निशनचा (ठिणगीची वेळ मागेपुढे करणारा) लिव्हर स्टार्ट करताना मागे घेतलात आणि तसाच ठेवून घाटी चढलात ना? उशिरा ठिणगी पडली की आग पाइपात उतरते. आता तो निळा रंग जायचा नाही, मला तर तो आवडतो.

परत पाठवायचा का ते ठरवण्याआधी, जुना पाइप अजून भंगारात दिला नसेल तर नव्याशेजारी जमिनीवर ठेवून बघा. चाळण झाला असला तरी वाक त्याचाच खरा.