नाटकांसाठी दोन दिवस मुंबईत

प्रश्न : आमच्या वाचनालयातल्या 14 जणांना शनिवार-रविवार मुंबईत नाटकं बघायची आहेत, जाणकारांशी चर्चाही करायची आहे. आखणी कशी करावी? — एक वाचक, जळगाव

उत्तर : आधी गाडी, मग नाटक. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, प्रयोगांच्या जाहिराती बऱ्याच उशिरा येतात. नाटक ठरण्याची वाट बघत बसलात तर वेटिंगवर लटकाल. शुक्रवारी रात्री निघा, मुक्काम दादरलाच करा. तिथलं शिवाजी मंदिर नाट्यगृह स्टेशनवरून पायी गाठता येतं.

दोनच नाटकं बघा, पण नीट. एक शिवाजी मंदिरात, दुसरं जुहूच्या पृथ्वी थिएटरात. पृथ्वीचा मंच प्रेक्षकांमध्ये पुढे आलेला, तीन बाजूंना मिळून सुमारे 200 आसनं. नट एका बाजूला पाठ करतो तेव्हा पलीकडच्यांना त्याचा चेहरा दिसतो. म्हणून तिथे घोळक्याने बसू नका, तिन्ही बाजूंना विखरा; चर्चेला खरा रंग त्यातूनच चढतो. उशिरा येणाऱ्याला तिथे आत घेत नाहीत, आणि रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असू शकतो. तासभर हाताशी ठेवा.

रात्रीच्या प्रयोगानंतर लगेच चर्चा नको, डोळे मिटत असतात. सकाळी नाश्त्यानंतर बसा. जाणकाराने तोच प्रयोग तुमच्यासोबत पाहिलेला हवा. मानधन आधीच ठरवा. सुरुवात तुम्ही करा : प्रत्येकाने एकच क्षण सांगायचा, प्रकाश कधी बदलला, नट कुठे थांबला. नाहीतर सगळा वेळ ‘आवडलं, नाही आवडलं’ यातच जातो.