आयसीयूतल्या सिस्टर टिकवायच्या कशा?

प्रश्न: ताई, मी लातूरच्या एका खासगी हॉस्पिटलात मेट्रन आहे. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या पोरी आमच्या आयसीयूत येतात, व्हेंटिलेटर, एबीजी (रक्तातल्या ऑक्सिजनची तपासणी), सगळं शिकतात आन् हात बसला की पुण्याला नाहीतर गल्फला जायलेत. मॅनेजमेंट म्हणतंय बाँड घ्या, ओरिजिनल सर्टिफिकेट ठेवून घ्या. काय करू?

उत्तर: मेट्रनबाई, सर्टिफिकेट अजिबात ठेवून घेऊ नका, ती त्या पोरीची कमाई आहे. पगाराचं मात्र मॅनेजमेंटशी बोलावंच लागेल. 2016 मध्ये केंद्राच्या समितीनं शिफारस केली होती की 50 पेक्षा कमी बेडचं हॉस्पिटल असलं तरी नर्सला 20,000 च्या खाली नको, आणि 200 च्या वर बेड असतील तर राज्य सरकारच्या नर्सइतका द्या. तुमच्याकडं काय मिळतंय ते एकदा ताडून बघा.

पण नुसत्या पगारानं भागत नाही. तुमची ड्युटी लिस्ट काढा, जनरल वॉर्डात कुणी सुट्टीवर गेलं की आयसीयूतलीच पोरगी तिकडं पाठवता ना? एवढं शिकून आपण फक्त रिलीव्हर, असं तिला वाटणारच. आणि सकाळच्या राऊंडला बघा, रात्रभर पेशंटजवळ थांबलेली सिस्टर फाईल धरून मागं उभी, पहाटेपासून युरीन कमी झालंय हे तिनंच टिपलेलं, पण तिला विचारतंय कोण! आपल्या बेडचं हँडओव्हर, म्हणजे पेशंटचं रात्रभर काय झालं ते, तिनंच डॉक्टरांसमोर द्यायचं असं ठरवून टाका, आणि डॉक्टर खेकसले तर तुम्ही तिच्या बाजूनं उभ्या रहा, हे मेट्रनशिवाय कुणी करू शकत नाही. अमेरिकेत नर्सेसचा तुटवडा होता तेव्हा जिथं त्या टिकून होत्या अशा 41 हॉस्पिटलांचा अभ्यास झाला, 1983 साली अहवाल आला, त्यात हेच दिसलं: नर्सिंगच्या प्रमुख वॉर्डात दिसायच्या, नर्सचं ऐकलं जायचं आणि पुढं शिकायला वाव होता.

शिकण्याचं म्हणाल तर भारतीय परिचर्या परिषदेचा क्रिटिकल केअरचा 1 वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे. एकीला तरी पाठवा, फी अर्धी भरा, पण परत आल्यावर तिला इन्चार्ज करा, पगारवाढ द्या, नव्या पोरींना शिकवायचं काम तिच्याकडं द्या, नाहीतर तो डिप्लोमा घेऊन ती पुण्यालाच जाणार. आणि राजीनामा हातात आल्यावर विचारू नका, ज्या आत्ता आहेत त्यांना याच आठवड्यात बसवून विचारा की बाई, तुला पुढं काय शिकायचंय, आणि नाईट किती लागायलेत.